चेटकीण कार्टूनमधली, भीती मात्र खरी: चार वर्षांचं मूल पडद्यावर नेमकं काय बघतं?

‘जेक अँड द नेव्हर लँड पायरेट्स’ ही मालिका ज्यांच्या घरात लहान मूल होतं त्यांना आठवत असेल. जेक, इझी आणि कबी हे तीन चिमुकले समुद्री चाचे, स्कली नावाचा बडबड्या पोपट आणि बकी नावाचं जहाज. खलनायक कॅप्टन हुक या तिघांची एखादी वस्तू पळवतो, हे तिघं ती परत मिळवतात आणि शेवटी सोन्याची नाणी मोजून पेटीत टाकतात. जेकची तलवार लाकडाची. कुणाला साधं खरचटतही नाही. आणि तरी अशा गोडगोड मालिकेत एखाद्या भागात समुद्री चेटकीण अवतरली की सोफ्यावरचं मूल आईच्या मांडीत तोंड खुपसतं, आणि रात्री बाथरूमला एकटं जायला तयार होत नाही.

आईबाप चक्रावतात. मालिका लहान मुलांचीच, रक्त नाही, मारामारी नाही, मग घाबरण्यासारखं त्यात होतं काय? गंमत म्हणजे तेच मूल हुकला बघून खदखदून हसत असतं. हुकसुद्धा खलनायकच की! मग एकाला हसायचं आणि दुसरीला घाबरायचं, हे गणित काय आहे?

या प्रश्नाचं बरंचसं उत्तर संशोधकांनी चाळीसेक वर्षांपूर्वीच शोधून ठेवलंय. आपल्यापर्यंत ते पोचलं नाही एवढंच. मुलांच्या हातात मोबाइल आणि घरात ओटीटी आल्यापासून मात्र ते समजून घेण्याची गरज वाढली आहे.

आधी हुकचं बघू

हुक मूळचा जे. एम. बॅरी या स्कॉटिश लेखकाचा. ‘पीटर पॅन’ हे त्यांचं नाटक २७ डिसेंबर १९०४ रोजी लंडनमध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आलं. १९११ मध्ये त्याची कादंबरी झाली, १९५३ मध्ये डिस्नेचा चित्रपट. मूळचा हुक चांगलाच क्रूर आहे. माणसं मारताना त्याचा हात कचरत नाही. चित्रपटात तो बराच विनोदी झाला, आणि १४ फेब्रुवारी २०११ ला डिस्ने ज्युनियरवर जेकची मालिका सुरू झाली तोवर त्याची नखंही काढलेली होती आणि दातही. कारण ही मालिका दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी होती.

इथला हुक म्हणजे हट्टी मोठा भाऊ. दुसऱ्याचं खेळणं दिसलं की त्याला ते हवंच असतं. घड्याळ गिळलेल्या मगरीची टिकटिक ऐकू आली की त्याची घाबरगुंडी उडते. तुटक्या हाताला लावलेल्या आकड्याच्या जागी तो कधी जाळं बसवतो, कधी आणखी काही खटपटीची वस्तू, आणि दर वेळी स्वतःच तोंडावर आपटतो. मुलाला हुकचं मन कळतं, कारण ‘मला पण पाहिजे’ हे मन त्याच्याकडेही आहे. बालवाडीत रोज असा एक तरी हुक भेटतो.

अशा खलनायकाची अडचण एकच. आठवड्यामागून आठवडे तो फजीत होत राहिला की त्याचा धाक उरत नाही. बॅरींच्या मूळ कथेत पऱ्या आहेत, जलपऱ्या आहेत, मगर आहे, पण चेटकीण नाही. मालिका लांबत गेली तशी तिच्यात नवनवी खलपात्रं येत गेली, त्यांत ही चेटकीणही आली. माझ्या मते त्यामागचं कारण हेच असावं: हुक वस्तू चोरतो, चेटकीण माणसाचं रूपच बदलू शकते. चोरलेलं परत आणता येतं, हे चार वर्षांच्या मुलाला माहीत असतं. बदललेलं माणूस परत पहिल्यासारखं होतं का, याची त्याला तेवढी खात्री नसते.

लहान मूल डोळ्यांनी विचार करतं

इथे एकच तांत्रिक शब्द सांगतो, पुढे फारसा लागणार नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी दाखवून दिलं की साधारण दोन ते सात या वयात मूल समोरच्या गोष्टीच्या एकाच ठळक बाजूला धरून बसतं, दुसरी बाजू त्याच वेळी ध्यानात घेणं त्याला जमत नाही. याला ‘केंद्रीकरण’ म्हणतात. त्यांचा प्रयोग घरी सहज करता येतो. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्या. मुलाकडून ‘सारखंच आहे’ असं वदवून घ्या. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातलं पाणी उंच, निमुळत्या पेल्यात ओता. चार वर्षांचं मूल बिनदिक्कत सांगतं, उंच पेल्यात जास्त आहे. उंची दिसली, तिथेच निकाल लागला. पेला अरुंद झालाय हे दिसत असूनही हिशेबात येत नाही.

आता पाण्याच्या जागी म्हातारी ठेवा. अमेरिकेत सिंथिया हॉफनर आणि जोअन कँटर या दोघींनी नेमकं हेच केलं. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासासाठी एका बाईवर छोटी चित्रफीत बनवली होती, पण चार प्रकारांनी. एकीत ती प्रेमळ आजीसारखी दिसते आणि प्रेमळच वागते. दुसरीत आजीसारखी दिसते, पण दुष्ट वागते. तिसरीत दिसते चेटकिणीसारखी, वागते मात्र मायेनं. चौथीत रूपही चेटकिणीचं आणि वागणंही तसंच. मग तीन वयोगटांतल्या मुलांना विचारलं: ही बाई चांगली की वाईट, आणि पुढे ती काय करेल?

तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर बाईच्या दिसण्याचा पगडा सगळ्यात जास्त होता आणि वागण्याचा सगळ्यात कमी. सहा-सात वर्षांच्या मुलांत पारडं हललं. नऊ-दहा वर्षांची मुलं बाई वागते कशी, याला सगळ्यात जास्त किंमत देत होती.

म्हणजे लहानग्याला चेटकीण काय करते यापेक्षा ती कशी दिसते हे आधी आणि जास्त भिडतं. ‘अरे, तिने कुणाला काही केलं का?’ हा आपला युक्तिवाद त्याच्यापर्यंत पोचतच नाही. त्याचा निकाल ती पडद्यावर आली त्या क्षणी लागलेला असतो.

याच अभ्यासाची एक पुरवणी मला जास्त रोचक वाटते. बाई कशी वागते हे दाखवलंच नाही, नुसतं रूप दाखवलं, तेव्हा सगळ्याच वयोगटांतल्या मुलांनी दिसण्यावरून चांगलं-वाईट ठरवलं. दहा वर्षांच्यांनीसुद्धा. वय वाढलं म्हणून दिसण्याचा पूर्वग्रह जात नाही. वागण्याची माहिती मिळाली तर मोठी मुलं ती वापरतात, इतकंच. (मोठ्या माणसांबद्दल मी बोलत नाही, आपण सगळे लग्नाच्या बैठकांना बसलेलो आहोत.)

रूप बदलताना बघणं सगळ्यात वाईट

सत्तरच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत हल्क या महाकाय हिरव्या नायकाची मालिका चालायची. हल्क सज्जन. संकटात सापडलेल्यांना वाचवणारा. तरी लहान मुलं त्यालाच फार घाबरतात, असं पालक सांगायचे. कँटर आणि ग्लेन स्पार्क्स यांनी १९८६ च्या अभ्यासात त्याचा छडा लावला. शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या मुलांची भीती सगळ्यात वर जायची ती साधा माणूस फुगत फुगत हल्क होतो त्यानंतर. मोठ्या मुलांचं उलट: हल्क अवतरला की ती निर्धास्त व्हायची, कारण आता सगळं ठीक होणार हे त्यांना माहीत असायचं.

माणूस तोच, फक्त रूप बदललं, हे मोठ्या मुलाला कळतं. लहानग्याच्या लेखी आधीचा माणूस गेला आणि त्याच्या जागी कुणीतरी भयानक आलं. चेटकिणीचं सगळं भांडवल हेच. ती राजकन्येचा पुतळा करते, राजपुत्राचा बेडूक करते, स्वतः गोड म्हातारी होऊन दारात येते. हुकचा आकडा कितीही टोकदार असला तरी हुक सकाळ-संध्याकाळ हुकच असतो.

चेटकीण ‘बांधतात’ कशी

कार्टूनमधलं पात्र कुणीतरी टेबलावर बसून ठरवलेलं असतं, आणि खलनायिकेच्या बाबतीत आधी ठरते ती बाह्याकृती. आतला रंग काढून नुसती काळी सावली ठेवली तरी पात्र ओळखू आलं पाहिजे, असा चित्रकारांचा दंडक असतो. नायक गोलाकार: गोल डोकं, गोल डोळे, आखूड हातपाय. खलनायिका टोकांची: टोकदार हनुवटी, नखं, कोपर, टोपी. त्यावर हिरवा-जांभळा रंग, खालून पडणारा उजेड, खर्जातला किंवा चिरका आवाज. तिच्या प्रवेशाची सुरावट तर ती दिसायच्या आधीच वाजते, म्हणून कित्येक मुलं डोळे नव्हे तर कान झाकतात.

हे सगळं अनादी काळापासून चालत आलंय असं वाटतं, पण तसं नाही. हिरवी कातडी बघा. अमेरिकी लेखक एल. फ्रँक बॉम यांच्या ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ओझ’ या १९०० सालच्या मुलांच्या पुस्तकात पश्चिमेची दुष्ट चेटकीण एका डोळ्याची आहे, हिरवी नाही. हिरवी झाली ती त्यावरच्या १९३९ च्या चित्रपटात. टेक्निकलर ही रंगीत चित्रीकरणाची झगमगीत पद्धत तेव्हा भरात होती आणि तिच्यात हिरवा रंग उठून दिसला. तेव्हापासून जगभरच्या चेटकिणी हिरव्या.

समुद्री चेटकिणीची वंशावळ वेगळी. १८३७ मध्ये डेन्मार्कच्या हान्स अँडरसन यांनी जलपरीच्या कथेत तिला आणलं. तिचं घर बुडालेल्या जहाजांवरच्या माणसांच्या हाडांचं आहे. पण नीट वाचलं तर ती फसवत नाही. ‘पाय मिळतील, पण प्रत्येक पावलाला सुरीवर चालल्यासारखं दुखेल’ हे ती जलपरीला आधीच स्वच्छ सांगते, किंमत म्हणून आवाज घेते आणि व्यवहार पुरा करते. बाई सौदागर आहे, आणि कडक आहे. १९८९ मध्ये डिस्नेने तिची उर्सुला केली तेव्हा तो व्यवहार कपटी झाला. उर्सुलाचं रूप डिव्हाइन या अमेरिकी कलाकारावरून सुचलं. डिव्हाइन पुरुष होते आणि भडक रंगरंगोटी करून बायकी भूमिका करायचे. उर्सुलाला ऑक्टोपसचे सहाच सोंडेसारखे हात आहेत. बाईचे दोन धरले की आठ भरतात. आता कुठल्याही चाच्यांच्या कार्टूनमध्ये समुद्री चेटकीण आली की तिच्यात उर्सुलाची मावशी, आत्या किंवा निदान शेजारीण तरी दिसतेच.

‘अरे, ते खोटं असतं!’ असं सांगितलं की झालं ना?

नाही, आणि आपण सगळे नेमकं तेच सांगतो.

“आई, ती आपल्या घरी येईल?”
“नाही रे राजा, ती खरी नसते. चित्र असतं ते.”
“हो. पण ती येईल का?”

हा संवाद ज्याच्या घरी झाला नाही त्याला मूलच नसणार. कँटर आणि बार्बरा विल्सन यांनी १९८४ मध्ये ओझच्या चित्रपटातला चेटकिणीचा प्रसंग मुलांना दाखवला. काहींना आधी बजावलं होतं, ‘बघताना लक्षात ठेवा, हे खरं नाही.’ नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांना त्याचा उपयोग झाला, ती कमी घाबरली. त्याहून बरीच लहान, शाळेआधीच्या वयाची मुलं होती तेवढीच घाबरली.

याचा अर्थ लहान मुलाला खरं-खोटं कळत नाही असा लावायचा का? तसंही नाही. ब्रिटनमध्ये पॉल हॅरिस आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये एक सुंदर प्रयोग केला. मुलांना रिकामी खोकी दाखवली. मग म्हणाले, कल्पना कर, आत एक राक्षस आहे. काही मुलांना सांगितलं, गोंडस ससा आहे. मुलांना विचारलं, आत खरंच काही आहे का? ती ठामपणे म्हणाली, नाही, आपण नुसतं मानतोय. मग मोठं माणूस काहीतरी निमित्त काढून खोलीबाहेर गेलं. एकटी पडल्यावर त्यांतल्या बऱ्याच मुलांनी हळूच खोक्याकडे मोर्चा वळवला. नंतर विचारलं तर काहींनी कबूल केलं: वाटलं, असेल तर?

मुलाला ‘खोटं आहे’ हे माहीत असतं. पण मनात इतकं लख्ख उभं राहिलेलं चित्र खरं होऊ शकेल का, याची त्याला खात्री देता येत नाही. त्यामुळे वरच्या संवादातल्या मुलाचा ‘हो, पण’ बावळटपणाचा नाही, चोख तर्काचा आहे. ती खरी नाही हे त्याने मान्य केलं. येणार नाही हे अजून सिद्ध झालेलं नाही.

मग उपयोग कशाचा होतो?

ज्यात हाताला काहीतरी लागतं, डोळ्यांना काहीतरी दिसतं, त्याचा. छोट्या मुलांना विचारलं की भीती कशाने कमी होते, तर ती सांगतात: आवडतं पांघरूण किंवा खेळणं धरून बसणं, काहीतरी खाणं-पिणं. मोठी मुलं या उपायांना नाकं मुरडतात. डोळे झाकायची मुभा दिली तर लहानग्यांची भीती कमी होते. त्याच सूचनेने मोठ्यांची उलट वाढल्याचं विल्सन यांना दिसलं. तेव्हा चार वर्षांच्या मुलाला ‘घाबरट कुठला, बघ नीट’ म्हणण्यापेक्षा त्याला ओंजळीआडून बघू द्यावं. आजी ताटात दोन लाडू ठेवून शेजारी बसते तेव्हा ती नकळत संशोधनाबरहुकूमच वागत असते.

दुसरा उपाय म्हणजे चेटकीण घडताना दाखवणं. ओझच्या चित्रपटात चेटकीण साकारणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन नटी होण्याआधी बालवाडीत शिकवायच्या. १९७५ मध्ये त्या अमेरिकेतल्या ‘मिस्टर रॉजर्स’ या बालकार्यक्रमात आल्या. साध्या, हसऱ्या, वयस्कर बाई. गप्पा मारता मारता कॅमेऱ्यासमोर त्यांनी चेटकिणीचा वेश एकेक करून चढवला, झगा, मग टोपी. शेवटी तो आवाज काढून दाखवला. रूप बदलणं हीच भीतीची किल्ली, आणि बाईंनी ती हळूहळू, हसत, मुलांच्या देखत फिरवली.

पुढच्याच वर्षी, १० फेब्रुवारी १९७६ ला, त्याच बाई तोच वेश घालून ‘सेसमी स्ट्रीट’ या दुसऱ्या बालकार्यक्रमात आल्या. या वेळी वेश घालताना दाखवला नाही, त्या थेट चेटकीण म्हणूनच आल्या. मुलं घाबरली, पालकांच्या तक्रारींचा पाऊस पडला आणि तो भाग पुन्हा कधी दाखवला गेला नाही. नटी तीच, वेश तोच, प्रेक्षकांचं वयही साधारण तेच.

मराठी मुलांना हे सुख नाट्यगृहात कधीपासून मिळतंय. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली, आणि २०१८ मध्ये नाटक नव्याने आलं तेव्हा वैभव मांगले चिंची झाले. पुरुषाने केलेली, फुशारकी मारणारी, प्रेक्षागृहातल्या पोरांशी हुज्जत घालणारी चेटकीण. ती आली की सातशे पोरं एकदम किंचाळतात आणि एकदम हसतात. आपल्यासोबत इतकी जणं घाबरली आहेत हा केवढा तरी आधार असतो, आणि आपण ओरडलो की तिला ऐकू जातं. मोबाइलमधल्या चेटकिणीला ऐकू जात नाही. जेकच्या मालिकेने ही उणीव ओळखून पडद्यापलीकडच्या मुलांना मोहिमेत सामील करून घेतलं होतं: जेक त्यांच्याकडे मदत मागतो, परवलीचे शब्द म्हणायला लावतो. बॅरींनी १९०४ मध्ये मरणाऱ्या परीसाठी प्रेक्षकांना टाळ्या वाजवायला लावल्या, त्याचंच हे धाकटं भावंड. मूल काहीतरी करू लागलं की भीती आटोक्यात राहते.

आम्ही नाही का भुताखेतांच्या गोष्टी ऐकून वाढलो?

वाढलो, आणि ठणठणीत आहोत. पण गोष्ट सांगणारी आजी मुलाचा चेहरा बघून सांगायची. डोळे फार विस्फारले की राक्षसिणीला विहिरीत ढकलून मोकळी व्हायची. लहानग्याच्या वरणभातात लाल तिखट चिमूटभर घालायचं की नुसता वास दाखवायचा, हे जसं वाढणाऱ्या हाताला कळतं, तसं. पडदा सगळ्यांना एकाच मापाने वाढतो.

शिवाय गोष्टीतली चेटकीण मूल स्वतः रंगवतं, आणि आपल्याला झेपेल इतपतच रंगवतं. कार्टूनची चेटकीण दुसऱ्याने रंगवलेली असते, नखांसकट.

म्हणून खलनायिका नकोच म्हणायचं का? मला तरी तसं वाटत नाही. सुरक्षित जागी बसून थोडं घाबरणं, मग सुटका होणं, यात मुलांना खरोखर मजा येते. नाहीतर लपाछपी कुणी खेळलं नसतं. भीतीला शेवट मात्र हवा. या वयोगटाच्या चांगल्या मालिकांचा अलिखित नियम असा की जादू उलटली पाहिजे आणि मुलांनी केलेल्या एखाद्या साध्या कृतीने उलटली पाहिजे. पुतळ्याची पुन्हा राजकन्या झाली, नाणी मोजून पेटीत पडली, मगच भाग संपतो.

याने अंधश्रद्धा वाढते का?

हा आक्षेप महाराष्ट्रात हसण्यावारी नेता येत नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात बाईला डाकीण ठरवून छळल्याच्या घटना घडलेल्या आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटले तो २०१३ मध्ये, त्यांच्या हत्येनंतर, आला. अमुक व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावरांचं दूध आटवते, असा ठपका ठेवून तिला त्रास देणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे.

पण डाकीण ठरवण्यामागे बहुतेकदा जमिनीचे वाद, भाऊबंदकी, एकट्या बाईचा हिस्सा लाटण्याची हाव आणि आजारपणाचं खापर फोडायला हवं असलेलं डोकं असतं. ती माणसं कार्टून बघून तिथवर पोचलेली नसतात. नेव्हर लँडवरच्या चेटकिणीला त्यासाठी जबाबदार धरणं म्हणजे खऱ्या आरोपींना मोकळं सोडणं होय.

काळजी करायचीच तर दुसऱ्या गोष्टीची करावी, आणि ती हॉफनर-कँटर यांच्या अभ्यासातूनच निघते. मूल आधीच दिसण्यावरून माणूस ठरवतं. त्याला प्रत्येक मालिकेत म्हातारी, वाकडी, कुरूप, एकटी राहणारी बाईच दुष्ट दाखवली, तर त्याचा तो कल आपण पक्का करतो. कोपऱ्यावरच्या पाठीत वाकलेल्या आजींना बघून मूल रस्ता बदलत असेल तर तेव्हा ‘खोटं असतं’चं प्रवचन न देता त्या आजींकडून एक पेरू घ्यायला लावावा. वागण्याची माहिती मिळाली की मुलं ती वापरायला शिकतात.

रेटिंग बघून लावलं की पुरे का?

रेटिंग म्हणजे कुठल्या वयाला काय चालेल याची खूण. अमेरिकेत १९९७ पासून टीव्हीवर ‘वाय’ ही खूण असलेला कार्यक्रम दोन ते सहा वर्षांच्या मुलांनाही चालेल आणि तो लहानग्यांना घाबरवणार नाही अशी अपेक्षा असते. ‘वाय ७’ म्हणजे सात वर्षांपुढे. भारतात ओटीटीसाठी २०२१ च्या नियमांनी यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए अशा पायऱ्या घालून दिल्या. मात्र पालकांसाठी कुलपाची सोय देणं १३+ पासून पुढेच बंधनकारक आहे. यू/ए ७+ चा कार्यक्रम चार वर्षांचं मूल बोट लावून सहज उघडू शकतं, आणि खलनायिका जरा मोकळेपणी वावरायला लागतात त्या याच पायरीवर.

रेटिंग मिळतं ते पूर्ण भागाला. मुलं हल्ली बघतात ते तुकडे: कुणीतरी कापून टाकलेला, चेटकिणीच्या हसण्याने सुरू होणारा आणि पुतळा झालेल्या राजकन्येवर थांबणारा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, त्याच्या खाली लगेच दुसरा. भीती सगळी त्यात असते, सुटका राहिली मूळ भागात. मूल तुकडा बघून घाबरलं असेल तर तो पूर्ण भाग शोधावा, मुलाला मांडीवर घ्यावं आणि निदान नाणी मोजेपर्यंत तरी बघावा.